खिडक्या बदलण्यापूर्वी

घर घेताना आपण जागा पाहतो, भाव पाहतो, कागदपत्रे वकिलास दाखवितो. खिडक्यांकडे मात्र क्वचितच कोणी निरखून पाहते. त्या असतातच, असे आपण गृहीत धरतो. पंचवीस-तीस पावसाळे उलटल्यावर एखादी झडप चौकटीत बसेनाशी होते, लोखंडी पट्टीचे पापुद्रे सुटू लागतात, तावदानाची लांबी गळून पडते आणि मग घरात एक वाक्य उच्चारले जाते, "आता एकदाच्या सगळ्या खिडक्या बदलूनच टाकू." हे वाक्य आणि प्रत्यक्ष काम यांच्यामध्ये बहुधा एका आठवड्याहून अधिक काळ जात नाही. पंधरा-वीस हजारांचे शीतकपाट घेताना आपण चार दुकाने फिरतो. लाख-दीड लाखाच्या खिडक्या मात्र ओळखीच्या कारागिराच्या एका दरपत्रकावर ठरतात.

मी बँकेच्या कर्ज विभागात काम करते. गृहदुरुस्तीच्या कर्जप्रस्तावांबरोबर येणारी दरपत्रके तपासणे हा माझ्या नित्याच्या कामाचा भाग आहे. असे असूनही आमच्या स्वतःच्या घराच्या बाबतीत मी जी चूक केली, ती येथे सांगणे उपयुक्त ठरेल असे वाटते.

अलिबागजवळच्या गावी आमचे जुने घर आहे. ३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर धडकले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या त्या वाऱ्यात आमच्या सात खिडक्यांपैकी दोन खिडक्यांची तावदाने फुटली आणि एकीची झडप बिजागरीसह उखडली. टाळेबंदीचा काळ होता; मी नागपूरला, आई-वडील गावी. कित्येक दिवस गावात वीज नव्हती. पाऊस तोंडावर होता. जो पहिला कारागीर भेटला त्याने सर्वच खिडक्या काढून सरकत्या ॲल्युमिनियमच्या बसवाव्यात, असे सुचविले. "जुन्या खिडक्या आम्ही फुकट काढून घेऊन जाऊ," असेही वर सांगितले. वडिलांनी मला दूरध्वनीवर आकडा वाचून दाखविला. आकडा कमी होता. मी होकार दिला.

त्या "फुकट" नेलेल्या खिडक्या जुन्या सागाच्या होत्या. जुन्या सागाला बाजारात आजही चांगली मागणी आहे, हे मला ठाऊक नव्हते असे मी म्हणू शकत नाही. त्या क्षणी ते सुचले नाही, इतकेच. सहा खिडक्या निघाल्या. सातवी, स्वयंपाकघरातील, भिंतीत इतकी घट्ट बसलेली होती की ती काढण्याचा नाद कारागिराने सोडला. जुलैमध्ये पहिला मोठा पाऊस पश्चिमेकडून आला, तेव्हा सहा नव्या खिडक्यांपैकी तिघींमधून पाणी आत आले. सातवी कोरडी राहिली.

मुळात बदलणे आवश्यक आहे काय?

या प्रश्नाने आरंभ करावा. खिडकी जुनी दिसते आणि खिडकी निकामी झाली आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लाकडी खिडकीत सर्वप्रथम कुजते ती झडपेची खालची आडवी पट्टी, कारण पाणी तेथे साचते. उर्वरित लाकूड बहुधा धडधाकट असते. चांगला सुतार ती एक पट्टी काढून नवी बसवितो, बिजागऱ्या बदलतो, तावदानांची लांबी नव्याने भरतो. जवसाचे तेल किंवा रंग दिल्यावर ती खिडकी पुढील दहा-पंधरा वर्षे निभावून नेते. पेचकसाचे टोक लाकडात रोवून पाहावे. ते सहज आत गेले तर लाकूड कुजले आहे किंवा आतून वाळवीने पोखरले आहे. वाळवी चौकटीत शिरलेली असेल, तर मात्र भावनेच्या आहारी न जाता चौकट काढावी व भिंतीवरही उपचार करून घ्यावा. केवळ झडपा बदलून भागत नाही.

१९६० ते १९९० या काळात शहरांत बांधल्या गेलेल्या असंख्य गृहनिर्माण संस्थांत लोखंडी पट्ट्यांच्या खिडक्या आहेत. त्यांचे दुखणे निराळे. लोखंड गंजते तेव्हा गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक होते. तो फुगणारा गंज चौकटीभोवतीच्या गिलाव्याला तडे पाडतो आणि त्या तड्यांतून पाणी भिंतीत उतरते. अशा घरात लोक वर्षानुवर्षे भिंतीला रंग देत राहतात आणि ओल काही जात नाही. खरवडल्यावर खाली चकचकीत धातू लागत असेल तर गंज काढून गंजरोधक अस्तर व रंग देणे पुरे. पट्टी हाताने सोलली जात असेल, तर खिडकी बदलण्यास विलंब करू नये.

आमच्या सातांपैकी चार खिडक्यांना काहीही झालेले नव्हते. त्या बदलण्याचे कारण एवढेच, की "सगळ्या एकसारख्या दिसतील."

वाऱ्याची वाट

संस्कृतात खिडकीला 'वातायन' म्हणतात, म्हणजे वाऱ्याचा मार्ग. हा अर्थ विसरल्यामुळे आज घराघरांत एक नुकसान होत आहे आणि ते कोणत्याही दरपत्रकात दिसत नाही.

दोन झडपांची सरकती खिडकी पूर्ण उघडली तरी तिचा अर्धाच भाग मोकळा होतो. एक झडप नेहमी दुसरीच्या मागे उभी असते. तीन ट्रॅकवर तीन झडपा असतील तर साधारण दोन तृतीयांश भाग मोकळा होतो. परंतु आपल्याकडे तिसऱ्या ट्रॅकवर बहुधा डासांची जाळी असते, त्यामुळे मोकळा भाग पुन्हा अर्धाच, आणि तोही जाळीतून. बिजागरीवर बाहेर उघडणारी खिडकी मात्र सुमारे नव्वद टक्के मोकळी होते.

केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी 'इको निवास संहिता' प्रसिद्ध केली. तीत उघडता येणाऱ्या खिडक्यांचे एकूण क्षेत्रफळ घराच्या चटई क्षेत्राच्या किमान किती असावे, हे हवामानानुसार दिले आहे. मुंबई, कोकण, गोवा, चेन्नई, कोलकाता अशा उष्ण व दमट प्रदेशांत ते १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश. दिल्ली, नागपूर यांसारख्या संमिश्र हवामानात तसेच बेंगळुरूसारख्या समशीतोष्ण हवामानात १२.५ टक्के, उष्ण व कोरड्या प्रदेशात १० टक्के, थंड प्रदेशात ८.३३ टक्के. ही संहिता नव्या इमारतींसाठी आहे. परंतु जुन्या खिडक्या बदलू पाहणाऱ्यालाही मोजपट्टी म्हणून ती फार उपयोगी पडते.

हिशेब करून पाहू. समजा, किनारपट्टीवरील घराचे चटई क्षेत्र ६४० चौरस फूट आहे. त्याचा एक षष्ठांश म्हणजे सुमारे १०७ चौरस फूट. घराला पाच फूट बाय चार फूट अशा सहा खिडक्या आहेत. एकूण १२० चौरस फूट. बिजागरीच्या खिडक्या असतील तर नव्वद टक्क्यांनी १०८ चौरस फूट मोकळे मिळतात आणि घर कसोटीस उतरते. त्याच भिंतींत, त्याच मापाच्या सरकत्या खिडक्या बसविल्या की उरतात ६० चौरस फूट. (थेट बाहेर उघडणारे दार असल्यास त्याचेही क्षेत्र धरता येते, पण ते दार रात्री बंद असते, हे ध्यानात असावे.) भिंतीला हातही न लावता आपण घराचा निम्मा वारा विकून टाकतो आणि पुढच्या उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्राचे दरपत्रक मागवितो. आमच्या घरी नेमके हेच घडले. समुद्र हाकेच्या अंतरावर असताना २०२१ च्या एप्रिलमध्ये आईला दुपारी ओसरीत येऊन बसावे लागत होते.

मग सरकत्या खिडक्या इतक्या लोकप्रिय का? त्यालाही सबळ कारणे आहेत. शहरी सदनिकांत बाहेरून गज किंवा लोखंडी जाळी असते. झडप बाहेर उघडायला जागाच नसते. आत उघडावी तर पडदे, पलंग, अभ्यासाचे टेबल आड येते. वाऱ्याच्या झोताने झडप आपटण्याची भीती सरकत्या खिडकीला नाही. गजांच्या प्रश्नावर उपाय आहे: गज आतल्या बाजूस घ्यावेत आणि झडपा बाहेर उघडाव्यात. जुन्या घरांत तसेच असे. त्यात गजांमधून हात घालून कडी लावावी लागते आणि डासांच्या जाळीसाठी वेगळी सोय करावी लागते, एवढा त्रास पत्करावा लागतो. उंच मजल्यांवर मात्र बाहेर उघडणाऱ्या झडपेला दणकट अडणी नसेल तर ती धोक्याची ठरते. तेथे सरकती खिडकी घेणे समजण्यासारखे आहे.

पाणी आत कसे येते

आमच्याकडे पाणी आले तेव्हा कारागिराने "पाऊसच फार होता" असे उत्तर दिले. त्या उत्तराने समाधान न झाल्याने मी थोडा अभ्यास केला.

वारा खिडकीवर आदळतो तेव्हा दाब निर्माण होतो. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात त्याचे सूत्र आहे: वेग मीटर प्रति सेकंदात घ्यावा, त्याचा वर्ग करावा, ०.६ ने गुणावे. उत्तर दर चौरस मीटरला न्यूटनमध्ये येते. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. दाब येतो जवळपास ३०० न्यूटन. हा दाब पाण्याला तीन सेंटीमीटर उंच उचलून धरू शकतो. आता सरकत्या खिडकीचा खालचा ट्रॅक आठवावा. पावसाचे पाणी त्यात साचते. बाहेरचा वारा त्याला आत ढकलतो. ट्रॅकची आतील कड तीन सेंटीमीटरहून कमी उंच असेल, तर पाणी ती ओलांडून घरात येणारच. त्यात कारागिराचा दोष असेलच असे नाही. स्वस्त पट्टीची उंचीच तेवढी असते.

म्हणून सरकती खिडकी घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. ट्रॅकची आतील कड किती उंच आहे. ट्रॅकला बाहेरच्या बाजूस पाणी निघून जाण्यासाठी छिद्रे आहेत काय आणि ती सिलिकॉनने किंवा सिमेंटने बुजलेली तर नाहीत ना. आणि खिडकीखालचा कट्टा बाहेरच्या बाजूस उतरता आहे ना. आमच्या तीन खिडक्यांचा कट्टा नव्याने ग्रॅनाइट बसविताना किंचित आत उतरता झाला होता. बुडबुड्याची पातळीपट्टी ठेवली असती तर दोन मिनिटांत कळले असते. छिद्रे तर पाडलीच नव्हती.

बाहेर उघडणाऱ्या बिजागरीच्या झडपेला याउलट वारा साहाय्य करतो. तो झडपेला चौकटीवर दाबून धरतो. मधली रबरी पट्टी चांगली असेल तर वारा वाढेल तशी फट आवळली जाते. आमच्या स्वयंपाकघरातील खिडकी कोरडी का राहिली, याचे उत्तर मला येथे मिळाले. शिवाय तिच्यावर दोन फुटांचा छज्जा होता. छज्ज्याच्या खालच्या कडेला जुने गवंडी एक बारीक खाच ठेवत. पाणी त्या खाचेपाशी थबकून खाली गळते, भिंतीकडे येत नाही. आज ही खाच पुष्कळ ठिकाणी गिलाव्यात बुजलेली आढळते. ती मोकळी करून घेण्यास नव्या खिडकीच्या तुलनेत नगण्य खर्च येतो.

याच मानकात देशातील शहरांसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग दिला आहे. बेंगळुरूसाठी तो सेकंदाला ३३ मीटर आहे, पुण्यासाठी ३९, मुंबई, नागपूर व हैदराबादसाठी ४४, दिल्लीसाठी ४७, कोलकाता आणि चेन्नईसाठी ५०. आकड्यांत फार अंतर दिसत नाही. पण दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. बेंगळुरूच्या वेगाने दर चौरस मीटरला सुमारे ६५ किलो भार येतो, तर चेन्नईच्या वेगाने सुमारे १५० किलो, म्हणजे दुपटीहून अधिक. बदली होऊन बेंगळुरूहून चेन्नईस गेलेल्या अधिकाऱ्याने जुन्या घरात ज्या पट्टीने उत्तम काम दिले तीच नव्या घरासाठी मागविणे म्हणूनच बरोबर नाही.

चौकट कशाची?

लाकूड, ॲल्युमिनियम आणि यूपीव्हीसी हे आजचे तीन प्रमुख पर्याय. विक्रेते प्रत्येकाची थोरवी सांगतात. मी केवळ अडचणी सांगते.

ॲल्युमिनियम टिकाऊ आहे, वाळवी लागत नाही, गंजून गळत नाही. परंतु ते उष्णता लाकडाच्या हजारपटीहूनही अधिक सहजतेने वाहून नेते; पश्चिमेच्या उन्हात त्याची चौकट हात लावू देत नाही. दरपत्रकात 'ॲल्युमिनियम खिडकी' एवढेच लिहिलेले असते. खरी किंमत असते पट्टीच्या जाडीत. दोन पट्ट्या बाहेरून एकसारख्या दिसतात आणि वजनात मोठी तफावत असते. म्हणून पट्टीचे दर मीटर वजन लिहून मागावे आणि नमुन्याचा तुकडा काट्यावर ठेवावा. किनाऱ्यावर रंगलेपनाची जाडीही विचारावी. पावडर लेपन साठ मायक्रॉनच्या आसपास असावे. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच हवेत, कारण साध्या लोखंडाचा स्क्रू खाऱ्या हवेत दोन वर्षांत लालसर ओघळ सोडू लागतो.

यूपीव्हीसीची चौकट उष्णता कमी वाहते, फटी चांगल्या बुजतात, रंग द्यावा लागत नाही. तिची ताकद मात्र आत दडलेल्या जस्तलेपित पोलादी पट्टीत असते. ही पट्टी न घालता किंवा पातळ घालून दर कमी करता येतो आणि ते बाहेरून कोणालाही दिसत नाही. मोठ्या खिडकीत मग चौकट उन्हाने वाकते आणि कडी लागेनाशी होते. खिडकी बसविण्यापूर्वी झडपेजवळ लोहचुंबक धरून पाहावा. पोलाद असेल तेथे तो चिकटू पाहील. आगीच्या प्रसंगी हे प्लास्टिक सहसा स्वतःहून पेटत राहत नाही, परंतु त्याचा धूर दाहक असतो.

लाकूड महाग झाले आहे, देखभाल मागते, आणि नवे पुरेसे न वाळविलेले लाकूड पावसाळ्यात फुगते. जुने, मुरलेले सागवान मिळाले तर तो प्रश्न उरत नाही. ज्याच्या घरात ते आधीच आहे, त्याने ते काढण्यापूर्वी थांबावे, एवढेच मी अनुभवाने सांगेन.

काचेविषयी थोडे

काचेचे वजन दर चौरस मीटरला दर मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो असते. पाच मिलिमीटरची काच म्हणजे चौरस मीटरला साडेबारा किलो. बिजागऱ्या आणि चाके त्या हिशेबाने हवीत. जमिनीलगत पोहोचणाऱ्या, मुलांचा वावर असलेल्या खिडकीत टफन्ड काच घ्यावी. ती साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत असते आणि फुटल्यास तिचे बोथट कण होतात. मात्र ती एकदा तयार झाली की कापता येत नाही, त्यामुळे माप चुकल्यास सर्व खर्च वाया. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी विशाखापट्टणमवर 'हुडहुड' वादळ आले, तेव्हा त्या शहरातील इमारतींच्या काचांची अतोनात हानी झाली. वादळी किनाऱ्यावर थरांची, मध्ये पारदर्शक पापुद्रा असलेली काच अधिक भरवशाची. ती तडकली तरी जागेवर राहते.

दुहेरी काचेचा सध्या मोठा बोलबाला आहे. शिमल्यास किंवा रात्रंदिवस वातानुकूलन चालणाऱ्या घरी ती योग्यच. ज्या घरात वर्षातील नऊ-दहा महिने खिडक्या उघड्या असतात, तेथे तो खर्च वाया जातो, असे माझे स्पष्ट मत आहे. उन्हाचा ताप कमी करावयाचा असेल तर छज्जा, बाहेरून बांबूची चिक किंवा वाळ्याचा पडदा हे अधिक गुणकारी, कारण ऊन काचेवर पडण्यापूर्वीच अडते. आतला पडदा घरात शिरून चुकलेल्या उष्णतेला फारसे रोखू शकत नाही. नागपूरकडील वाचकांना आणखी एक स्मरण द्यावेसे वाटते: उन्हाळ्यात कूलर कोणत्या खिडकीत बसणार, हे नवी खिडकी ठरविण्यापूर्वी ठरवावे. या एका विस्मरणापायी नवी कोरी काच काढून प्लायवूड ठोकलेले मी पाहिले आहे.

गज, परवानगी आणि भिंत

गजांविषयी एकच आग्रह धरते. संपूर्ण बंद, वेल्डिंग केलेल्या लोखंडी पिंजऱ्यामुळे चोर बाहेर राहतो, पण आग लागल्यास घरची माणसे आत राहतात. प्रत्येक घरात किमान एका खिडकीच्या गजांना आतून उघडता येणारी झडप असावी आणि तिची किल्ली कोठे आहे हे घरातील मुलांनाही ठाऊक असावे. गजांतील अंतर चार इंचांहून कमी ठेवावे.

सहकारी गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्यांनी काम सुरू करण्यापूर्वी संस्थेची लेखी परवानगी घ्यावी. इमारतीचे बाह्य स्वरूप बदलत असेल तर वाद हमखास उद्भवतात. खिडकीचे भगदाड मोठे करण्याचा मोह तर अभियंत्याच्या सल्ल्यावाचून करूच नये. जुन्या वाड्यांत व दगडमातीच्या घरांत लाकडी चौकट आणि तिच्यावरची तुळई वरच्या भिंतीचा भार पेलत असते. ती काढताना आधी टेकू द्यावा लागतो.

दरपत्रक आणि पैसा

आता माझ्या स्वतःच्या विषयाकडे वळते. खिडक्यांचे दरपत्रक चौरस फुटाच्या दराने दिले जाते आणि ग्राहक तेवढाच आकडा पाहतो. केवळ उदाहरणादाखल दोन काल्पनिक दरपत्रके घेऊ. क्षेत्र तेच, १२० चौरस फूट, सहा खिडक्या. पहिल्याचा दर ५५० रुपये, दुसऱ्याचा ७८० रुपये. पहिला स्वस्त दिसतो. मात्र पहिल्याच्या तळटिपेत जाळीच्या झडपेचे चौरस फुटास ९० रुपये, जुनी खिडकी काढणे व गिलावा दुरुस्तीचे प्रत्येकी १,५०० रुपये आणि वस्तू व सेवा कर वेगळा, असे असते. मूळ ६६,००० रुपये, जाळीचे १०,८००, दुरुस्तीचे ९,०००, बेरीज ८५,८००. त्यावर १८ टक्के कर १५,४४४. एकूण १,०१,२४४ रुपये. दुसऱ्या दरपत्रकात हे सर्व अंतर्भूत असेल, तर त्याचे ९३,६०० रुपयेच होतात. तेव्हा किमान तीन दरपत्रके घ्यावीत आणि प्रत्येकाकडून पट्टीचे वजन, काचेची जाडी, जाळी, परांची, गिलावा, कर, जुन्या सामानाची किंमत यांचा स्पष्ट उल्लेख करून घ्यावा. जुने सामान कोणी "फुकट" नेणार असेल, तर आधी भंगारवाल्याला आणि जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याला दाखवावे.

पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत. सुरुवातीस सामानापुरते, बसविल्यावर बरेचसे, आणि साधारण दहा टक्के रक्कम एक पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवण्याची अट करारात लिहावी. चांगला कारागीर कुरकुरेल, पण मान्य करील. जो मुळीच मान्य करीत नाही, त्याला त्याच्या कामाची खात्री नसावी.

खर्च मोठा असल्यास गृहदुरुस्तीसाठीच्या कर्जाची चौकशी करावी. घाईघाईत वैयक्तिक कर्ज घेऊ नये. दोन लाख रुपये पाच वर्षांसाठी घेतले आणि दर ९ टक्के धरला, तर मासिक हप्ता सुमारे ४,१५२ रुपये येतो. १४ टक्के धरला तर सुमारे ४,६५४ रुपये. महिन्याला पाचशे रुपयांचा फरक किरकोळ वाटतो, परंतु पाच वर्षांत तो तीस हजारांवर जातो. एवढ्यात एखाद-दुसरी खिडकी सहज होते. दर येथे समजण्यापुरते घेतले आहेत. प्रचलित दर, प्रक्रिया शुल्क व लागणारी कागदपत्रे यांविषयी आपल्या शाखेत विचारावे. ज्यांचे गृहकर्ज चालू आहे व हप्ते नियमित आहेत, त्यांनी त्याच खात्यावर वाढीव कर्ज मिळते काय, हेही विचारावे. जुनी करप्रणाली निवडणाऱ्या करदात्याला राहत्या घराच्या दुरुस्तीसाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजावर वर्षाला कमाल ३०,००० रुपयांची वजावट मिळू शकते. ती गृहकर्जाच्या व्याजाच्या दोन लाखांच्या एकूण मर्यादेतच धरली जाते. नव्या करप्रणालीत राहत्या घरासाठी ही सवलत नाही. त्यामुळे 'कर वाचेल' या भरवशावर खर्चाचा आकडा फुगवू नये.

कामाचा काळ दसऱ्यानंतरचा ते मार्चपर्यंतचा निवडावा. मे महिन्याच्या अखेरीस कारागीर दहा ठिकाणी पळत असतात आणि ओल्या गिलाव्यावर लावलेले सिलिकॉन धरत नाही.

मे २०२१ मध्ये 'तौते' वादळ किनाऱ्याने वर सरकले, त्या रात्री वडील, वय वर्षे बाहत्तर, टॉवेल आणि बादली घेऊन त्या तीन खिडक्यांखाली पहाटेपर्यंत बसून होते. त्यांनी मला ते चार दिवसांनी सांगितले. त्या वर्षी दिवाळीनंतर मी रजा घेऊन घरी गेले. पश्चिमेच्या तिन्ही सरकत्या खिडक्या काढल्या. जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडून सागाच्या तीन खिडक्या विकत घेतल्या. त्यांची किंमत ऐकल्यावर आपण काय फुकट दिले होते याचा नेमका आकडा समजला. सुताराने त्या मापात बसवून दिल्या, गवंड्याने कट्टे बाहेर उतरते केले, छज्ज्याची बुजलेली खाच मोकळी केली. पूर्वेकडील तीन ॲल्युमिनियमच्या खिडक्या तशाच ठेवल्या. त्यांना पाणी निघून जाण्याची छिद्रे पाडून घेतली. तेथे पाऊस थेट येत नाही आणि त्या आता उत्तम काम देतात.

शेवटचा हप्ता देण्यापूर्वी वडिलांनी बागेची नळी घेतली आणि प्रत्येक खिडकीवर खालून वर असा तिरपा फवारा पंधरा-पंधरा मिनिटे मारला. मी आत कट्ट्यावर जुने वर्तमानपत्र पसरून उभी होते. दुसऱ्या खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात कागद रुपयाएवढा भिजला. सुताराने झडप उतरवली, रबरी पट्टी पुन्हा बसविली, आणि वडिलांनी नळी पुन्हा सुरू केली.